एदिर्नेचं दारुश्शिफा : वॉर्डात आयुष्य काढलेल्या एका सिस्टरच्या नजरेतून

एदिर्नेला जाणारे बहुतेक जण सेलिमिये मशिदीसाठी जातात, आणि ते बरोबरच आहे. पण सकाळच्या बसने इस्तंबूलहून यायचं, सेलिमिये बघायची, जेवायचं आणि संध्याकाळी परतायचं, या बेतात तुंजा नदीपलीकडचं ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायझिदाचं संकुल हमखास गळतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या संकुलात १४८८ मध्ये बांधून पूर्ण झालेलं एक रुग्णालय, म्हणजेच दारुश्शिफा, उभं आहे. तिथे शरीराच्या रोग्यांबरोबर मनाचे रोगीही ठेवले जात, आणि आज त्याचं आरोग्य संग्रहालय केलेलं आहे. हा अभिप्राय मुख्यतः त्या इमारतीबद्दल आहे. बाकी शहराबद्दल शेवटी थोडं लिहिते.

मी मनोरुग्णालयात परिचारिका होते. बराच काळ स्त्रियांच्या वॉर्डात आणि बहुतेक रात्रपाळीला. त्यामुळे कुठलंही जुनं रुग्णालय पाहिलं की माझं लक्ष नक्षीकडे जाण्याआधी दारांकडे जातं. रात्री एकट्या सिस्टरला इथून किती खाटा दिसतील? एखादीला झटका आला तर तिच्यापर्यंत किती पावलांत पोहोचता येईल? ओरडण्याचा आवाज घुमून बाकीच्या सगळ्या जाग्या होतील का? एदिर्नेच्या या वास्तूत मी हेच प्रश्न घेऊन फिरले. आणि ज्याने ती बांधली त्यालाही हे प्रश्न पडले असावेत, असं मला पदोपदी वाटत राहिलं.

आधी शहर कुठे आहे ते सांगते, कारण त्यावाचून हे रुग्णालय इथे का, ते कळत नाही. तुर्कस्तानचा जो तुकडा युरोपात आहे, त्याच्या पश्चिम टोकाला एदिर्ने आहे. ग्रीसची हद्द शहराला खेटून, बल्गेरियाची थोडी पुढे. रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाने वसलेलं हे हेड्रियानोपोलिस ऑटोमनांनी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतलं, आणि १४५३ मध्ये इस्तंबूल हाती येईपर्यंत त्यांची राजधानी इथेच होती. बाल्कनवरच्या प्रत्येक मोहिमेचं सैन्य इथून जायचं. बायझिदानेही या संकुलाचा पाया १४८४ मध्ये काळ्या समुद्राकडच्या अक्केरमान किल्ल्याच्या मोहिमेवर जाताना वाट वाकडी न करता इथेच घातला. त्याचा स्वतःचा जन्म जवळच्याच दिमेतोकाचा, जे गाव आज ग्रीसमध्ये आहे. पुढे साम्राज्य आक्रसत गेलं, तशी सरहद्द सरकत सरकत या शहराच्या दारात आली. १८२९ आणि १८७८ मध्ये रशियन फौजा शिरल्या, १९१३ मध्ये वेढ्यानंतर बल्गेरियन, १९२० ते १९२२ ग्रीक. इतक्या हातांतून गेलेल्या गावात पाच शतकांपूर्वीचं रुग्णालय भिंतींसकट शिल्लक आहे, ही गोष्टच मला थोर वाटते.

गावाच्या मध्यापासून संकुलापर्यंत चालत सहज जाता येतं. मी आणि माझी नणंद चालतच गेलो. दुकानं संपतात, रस्ता उतरत नदीकडे जातो आणि तुंजावरचा जुना दगडी पूल लागतो. पूलही याच संकुलाबरोबर बांधलेला. पुलावरून पलीकडे बघितलं की झाडांच्या मागे घुमटच घुमट दिसतात. लहानमोठे मिळून शंभराच्या आसपास आहेत म्हणतात. मधला मशिदीचा सगळ्यांत मोठा आणि बाकीचे रांगेने, बुटके, राखाडी. नणंद पुलावर थांबली आणि म्हणाली, "वहिनी, हे सगळं एकट्या दवाखान्याचं?" एकट्या दवाखान्याचं नव्हतं. मशीद, प्रवाशांच्या खोल्या, अन्नछत्र, वैद्यकीची पाठशाळा आणि रुग्णालय, असं सगळं एका आवारात होतं. मशिदीच्या पूर्वेला स्वयंपाक आणि कोठार, पश्चिमेला शिक्षण आणि उपचार. हवा खेळती, नदी जवळ, गावाचा गोंगाट दूर. जागा निवडणाऱ्याची तारीफ करावी तेवढी थोडी.

तिकीट काढून आत गेल्यावर आधी वैद्यकीची पाठशाळा लागते. चौकाभोवती विद्यार्थ्यांच्या १८ खोल्या आणि एक व्याख्यानाचं दालन. खोल्यांत त्या काळचं वैद्यक समजावणारी मांडणी आहे : शस्त्रक्रियेची हत्यारं, औषधं, जुन्या ग्रंथांतली चित्रं. हा भाग चांगला आहे, पण इथे फार रेंगाळू नका, वेळ पुढे लागेल. एक मात्र ध्यानात ठेवा. शिकणारी मुलं आणि रुग्ण यांच्यात फक्त एका भिंतीचं अंतर होतं. सकाळी पाठ ऐकायचा आणि दुपारी शेजारच्या दाराने आत जाऊन खरा रोगी बघायचा. आम्हाला नर्सिंगला बेडसाइड शिकवणं असायचं, त्याची ही इतकी जुनी सोय पाहून मला फार बरं वाटलं.

रुग्णालयाचे तीन भाग आहेत, एकामागून एक. पहिला लांबट चौक. त्याच्या कडेला ओळीने खोल्या, शिवाय भटारखाना, धुण्याची जागा, सरबतं आणि पाक ठेवायची कोठी. येऊन तपासून जाणाऱ्यांची वर्दळ इथेच. दुसरा चौक लहान. औषधांची कोठी आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसांच्या खोल्या तिथे. आणि त्यामागे तिसरा भाग, म्हणजे राहून उपचार घेणाऱ्यांचा. धुणं आणि स्वयंपाक दाराजवळ, औषध मध्ये, आणि ज्यांना शांतता हवी ते सगळ्यांत आत. रुग्णालयात काम केलेल्या माणसाला हा क्रम दिसला की तो जागच्या जागी थांबतो. मी ज्या इमारतींत नोकरी केली, त्यांतल्या एकीत वॉर्डाच्या खिडकीखालीच धुलाईघर होतं आणि दुपारी कुणाला झोप म्हणून लागायची नाही.

आता तो तिसरा भाग. याच्यासाठीच एदिर्नेला जावं.

मधोमध सहा कोनांचं दालन आहे. वर मोठा घुमट, घुमटाच्या माथ्यावर उजेडाचा झरोका आणि त्याच्या बरोबर खाली कारंजं. दालनाभोवती सहा बंद खोल्या, आणि त्यांच्या मधून मधून पाच उघडे सोपे. थंडीत रोगी खोल्यांत, उन्हाळ्यात सोप्यांवर. पाचांपैकी दारासमोरचा सोपा इतरांपेक्षा खोल आहे, तो इमारतीच्या मागच्या बाजूला कोन काढून बाहेर गेलेला दिसतो. वादक बसायचे ते याच सोप्यात.

कारंज्याशी उभी राहून मी एक गिरकी घेतली. सगळी दारं दिसली. कुठेही आडोसा नाही, लांब बोळ नाही, वळून जावं लागेल असा कोपरा नाही. ज्या वॉर्डात मी रात्री काढल्या तो लांबलचक होता. एका टोकाला टेबल आणि दुसऱ्या टोकाच्या खाटेवर काय चाललंय ते कळायला बॅटरी घेऊन चालत जावं लागायचं. तेवढ्या वेळात काय काय होऊ शकतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. इथे एक जागं माणूस मध्ये बसलं की सगळ्यांच्या जवळ आहे. थोड्या माणसांत पुष्कळांची निगा राखता येईल, असा हा आराखडा आहे. आणि तरीही तो तुरुंगासारखा वाटत नाही, याचं कारण उजेड. खोल्यांना बाहेरच्या बाजूलाही खिडक्या आहेत. रोग्याची एक नजर माणसांकडे आणि दुसरी झाडांकडे जाऊ शकते. पहारा आणि सोबत यांतला फरक खिडकीने पडतो, हे मी वॉर्डात शिकले होते. इथे तो दगडात बांधलेला सापडला.

आवाजाचं मला स्वतः तपासून बघायचं होतं. नणंद भजनी मंडळात गाते. तिला म्हटलं, तू त्या समोरच्या सोप्यात उभी राहा आणि सा लाव, मोठ्याने नको, घरात लावतेस तसाच. मी एका खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. सूर आला तो भरून आला, पण कानावर आपटला नाही. मग आम्ही जागा बदलल्या. मी मधोमध उभी राहून रात्री बोलायचे तशा दबक्या आवाजात म्हटलं, "झोप आता, मी इथेच आहे." नणंद पलीकडून म्हणाली, "वहिनी, शब्द न् शब्द आला." घुमटाखाली सूर फिरतो, खालून पाण्याचा आवाज येत राहतो, आणि त्या दोन्हींत माणसाच्या बोलण्याला जागा उरते.

संगीताची गोष्ट ऐकीव नाही. सतराव्या शतकातला ऑटोमन प्रवासी एवलिया चेलेबी इथे येऊन गेला, त्याने ते लिहून ठेवलं आहे. दहा जणांचा ताफा होता, त्यात तीन गाणारे आणि बाकी नेय (बासरीसारखं वाद्य), संतूर, ऊद (तंतुवाद्य) वगैरे वाजवणारे. आठवड्यातून तीनदा ते रोग्यांपुढे बसत. नेवा, रास्त, दुगाह, सेगाह असे वेगवेगळे मकाम, म्हणजे आपल्या रागांसारखे प्रकार, वाजत आणि कुणाला कोणता मानवतो याचा विचार होत असे. वसंतात रोग्यांना फुलं हुंगायला देत. पथ्याचं जेवण वैद्याच्या सांगण्यावरून बनत असे. गावातल्या गरजूंना आठवड्यातून दोन दिवस औषध फुकट मिळे. स्थापनेच्या दानपत्रात तर वैद्यांबरोबर डोळ्यांचे वैद्य आणि शस्त्रवैद्यही नेमलेले आहेत. म्हणजे हे फक्त मनोरुग्णांचं घर नव्हतं. ती ओळख पुढे हळूहळू घट्ट होत गेली.

आमच्याबरोबर आत आलेल्या एका सहलीच्या वाटाड्याने आपल्या गटाला सांगितलं की तेव्हा युरोपात वेड्यांना जाळत होते आणि इथे त्यांना गाणी ऐकवत होते. हे वाक्य तुमच्याही कानावर पडेल. ते मला पटलेलं नाही. युरोपातही त्या काळात मनोरुग्णांची काळजी घेणारी ठिकाणं होती. आणि दुसरीकडे, ज्या एवलिया चेलेबीने इथल्या गाण्याचं वर्णन केलं, त्यानेच इथल्या साखळ्यांचंही केलं आहे. वसंतात प्रेमाने बेभान झालेल्यांना आणून गळ्यात सोन्याचांदीचा मुलामा दिलेल्या साखळ्या घालून बांधत, असं तो लिहितो. मुलामा दिलेला असला तरी साखळी ती साखळीच. मला हे वाचून या जागेबद्दलचा आदर कमी झाला नाही. उलट ती खरी वाटली. ज्या रोग्याला आवरणं अवघड आहे त्याला बांधणारे हात आणि त्याच्याजवळ बसून गाणारे हात एकाच इमारतीत असतात, हे मी रोज पाहिलं आहे. एका हाताचीच गोष्ट सांगितली तर दुसरा सुधारणार कसा? संग्रहालयात जाल तेव्हा या दोन्ही गोष्टी मनात ठेवून फिरा.

मांडणीबद्दल माझं मत थोडं वेगळं पडेल. खोल्याखोल्यांतून माणसाएवढे पुतळे बसवले आहेत : वैद्य, रोगी, वादक, विद्यार्थी. लहान मुलांना घेऊन आलेल्यांना ते आवडत होते, मुलं प्रत्येक दाराशी थांबून विचारत होती, आणि एवढ्या मुलांना या विषयाबद्दल प्रश्न पडत असतील तर पुतळ्यांचा उपयोग नक्की आहे. पण मला त्या सहा कोनांच्या दालनातल्या खोल्या रिकाम्या बघायला आवडल्या असत्या. भिंतीची जाडी, कोनाडा, खिडकीची उंची, फरशीवर उजेड कुठवर येतो, हे सगळं पुतळ्यामागे जातं. पडून राहिलेल्या रोग्याला छत कसं दिसत असेल, हे रिकाम्या खोलीतच कळलं असतं. म्हणून माझा सल्ला असा की पुतळे एकदा बघून घ्या आणि मग दुसऱ्या फेरीत फक्त इमारत बघा. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर ही दुसरी फेरी शांतपणे होते. सहलीच्या बस नंतर येतात.

रशियाशी झालेल्या १८७७-७८ च्या युद्धापर्यंत इथली दशा बरीच खालावली होती. विसाव्या शतकात रुग्णालय बंद पडलं, नदीच्या पुरांनी आणि दुर्लक्षाने इमारत खचली. त्राक्या विद्यापीठाने ती हाती घेऊन १९९७ मध्ये संग्रहालय उभं केलं आणि २००४ मध्ये त्याला युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. २०१६ पासून हे संकुल युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे. एका विद्यापीठाने जुनं रुग्णालय पाडून नवी इमारत न बांधता ते असं सांभाळलं, याबद्दल परिचारिका म्हणून मला कृतज्ञता वाटते.

मशिदीत जायला विसरू नका. तिकिटाच्या आवाराबाहेर असल्याने पुष्कळ जण तशीच सोडून निघतात. वीसेक मीटर रुंदीचा घुमट एकही खांब न लावता सरळ चार भिंतींवर ठेवला आहे. आत गेल्यावर डोकं आपोआप वर जातं. दोन्ही बाजूंना जोडलेल्या दालनांत वाटसरू उतरत. सरहद्दीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या गावात हे किती मोलाचं असेल! दमलेला माणूस नदी ओलांडून यायचा, त्याला निजायला जागा, पूर्वेकडच्या स्वयंपाकघरातून अन्न, आणि आजारी असला तर पश्चिमेला वैद्य. वास्तुविशारद म्हणून हायरेद्दिनचं नाव सांगतात. जो कुणी होता त्याला माणूस दमतो, भुकेजतो आणि आजारी पडतो हे पुरतं ठाऊक होतं.

आता गावाचं बाकीचं. सेलिमियेबद्दल मी काय नवं सांगणार? ऑटोमन वास्तुविशारद मिमार सिनानने १५६८ ते १५७५ मध्ये सुलतान दुसऱ्या सेलिमसाठी बांधलेली, ३१ मीटरच्या वर घुमट, तो आठ खांबांवर तोललेला, चार मिनार ७० मीटरच्या घरात. २०११ पासून जागतिक वारशात. मात्र २०२१ मध्ये मोठं जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं आणि आम्ही गेलो तेव्हा आतला बराच भाग परांचीने झाकलेला होता. निघण्यापूर्वी चौकशी करा. आम्ही बाहेरूनच पुष्कळ वेळ बघितली, आणि बाहेरूनही ती पुरून उरते. गावात कुठल्याही गल्लीतून मान वर केली तरी ते चार मिनार असतातच.

उच शेरेफेली मशीद मला सेलिमियेपेक्षा जवळची वाटली. १४४७ ची, म्हणजे बायझिदाच्या रुग्णालयाच्याही आधीची. चारही मिनार चार तऱ्हेचे, एक पिळाचा, एक तीन सज्ज्यांचा. घुमट जड आहे, जाडजूड खांबांवर दमाने बसलेला. इथे बांधणारे अजून शिकत होते हे दिसतं, आणि ते शिकणं बघण्यात आनंद आहे. एस्की जामी त्याहून जुनी, १४१४ ची, नऊ घुमटांची. तिथे भिंतींवरची प्रचंड मोठी अक्षरं बघा. रुस्तेम पाशाची सराई, सिनाननेच बांधलेली, आता हॉटेल आहे. तिच्या दुरुस्तीला १९८० मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला होता. मुक्काम करायचा नसला तरी चौकात डोकावून या. १९०९ चं मोठं सिनेगॉग २०१५ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंना याच बायझिदाने आसरा दिला होता आणि त्यांतले बरेच एदिर्नेत आले, हे माहीत असेल तर ती पिवळी इमारत वेगळीच दिसते.

खाण्याचं म्हणाल तर गावभर तळलेल्या कलेजीची दुकानं आहेत. कागदासारखे पातळ काप, कुरकुरीत, सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. गरम असतानाच खायची, गार झाली की मजा गेली. नणंद मांसाहार करत नाही. ती बदामाच्या मिठाईवर खूश होती आणि देवा-इ मिस्क नावाची मसाल्याच्या वासाची मिठाई तिने घरी न्यायला घेतली.

जाण्याचं सांगते. इस्तंबूलच्या एसेनलेर बस स्थानकावरून एदिर्नेच्या बस दिवसभर असतात, अडीच-तीन तास लागतात. एदिर्नेचं बस स्थानक गावाबाहेर आहे, तिथून गावात यायला लहान गाड्या मिळतात. जिल्हा सरहद्दीचा असल्याने पासपोर्ट अंगावर ठेवा, वाटेत कागद बघायला गाडी थांबवू शकतात. संकुलात चालणं पुष्कळ होतं आणि जुने उंबरे उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. मशिदीसाठी बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. एकच दिवस असेल तर सकाळ पूर्ण बायझिदाच्या संकुलाला द्या, दुपारी गावातल्या तिन्ही मशिदी, आणि रात्री राहणार असाल तरच मेरिच नदी ओलांडून काराआचला जा. मेरिचच्या पश्चिमेला तुर्कस्तानकडे असलेली एवढीच जमीन, १९२३ च्या लोझानच्या तहात ग्रीसने भरपाई म्हणून दिलेली. तिथलं जुनं रेल्वे स्थानक आता विद्यापीठाच्या कलाशाखेकडे आहे, आणि त्याच्या आवारातल्या झाडांखाली संध्याकाळी चहा मिळतो.